दुसरी नळी

आज नदी तीन मीटर चाळीस.
पायसांदूच्या धक्क्यावरची पट्टी मी रोज सहाला वाचते,
आकडा वहीत लिहिते, बंदराच्या कचेरीत कळवते.
अकरा वर्षं हेच.
उन्हाळ्यात पाणी खाली खाली जातं,
चिखल उघडा पडतो, बोटी कुशीवर कलंडतात,
तरी शून्य मी कधी लिहिलेलं नाही.

मंगळवारी डॉक्टर बेनित्सनं कागद पुढे सरकवला.
हर्पिस. पहिला प्रकार.
मी विचारलं, पहिला म्हणजे बरा की वाईट?
ती म्हणाली, जुना.
तुमच्या सासूबाईंना झाली होती ती नागीण,
ही तिची चुलत बहीण.
कमरेला विळखा घालत नाही,
मणक्यापाशी, नसेच्या मुळाशी मुटकुळं करून झोपते.
उठली तर उठली, नाहीतर वर्षानुवर्षं नाही.
कधीपासून?
सांगता येत नाही.
कुणाकडून?
तेही कागद सांगत नाही.

घरी पोचेपर्यंत मात्र कागद बरंच काही बोलायला लागला होता.

वाल्तेर, तू बोलला नाहीस.
भांडी घासलीस, घासलेलीसुद्धा.
मग स्वैपाकघरात घडीची खाट टाकलीस,
पाठीचं निमित्त करून.
भिंतीपलीकडून तुझा हिशेब मला ऐकू येत होता:
साल्तोची ती सहल, पुलाच्या कामावरचा तो इंजिनिअर,
मार्चमधले माझे उशीर.
मीही मांडत होते, तुझ्या ट्रकचे मुक्काम,
ब्राझीलच्या हद्दीवरच्या खानावळी.
संशयाला पुरावा लागत नाही,
रात्र पुरते.

बुधवारी मी बाजारातून दुसरी नळी आणली.
येर्बाच्या तुंब्याला आपल्याकडे नळी एकच,
तुझ्या वडलांची, चांदीची,
शेजारी आला तरी तीच, पोस्टमन आला तरी तीच.
या गावात कुणी कुणाचं उष्टं मानत नाही.
नवी नळी पत्र्याची होती, किंमत चिकटलेली.
तू तिच्याकडे बघितलंस आणि चहाच नको म्हणालास.

गुरुवारी माझ्याबरोबर आलास. टोपी मांडीवर.
डॉक्टरनं विचारलं, ओठावर कधी फोड?
ते होय? ते उन्हानं. लहानपणापासून. दर सप्टेंबरात.
आईला, मावशीला, आमच्या सगळ्यांनाच
ओठावर ताप उततो...
आणि मध्येच थांबलास.

तेच, ती म्हणाली.
फोड नसतानाही ते कातडीवर येऊन जातं, चाहूल न देता.
ओठावरून ओठावर,
आणि ओठ जिथे जिथे जातात तिथे.
कॅलेंडरवरच्या गायीकडे आम्ही तिघंही बघत राहिलो.

मग मी वहीच काढली.
मुंग्या आल्या, टोचायला लागलं, की लांब राहायचं, कातडी भरेपर्यंत.
रोजची गोळी घेतली तर ती कमी वेळा उठते.
निरोध मदत करतो, सगळं झाकत नाही.
टॉवेलनं नाही, संडासानं नाही, तुंब्यानंही सहसा नाही,
कातडीला कातडी लागते.
आणि मी हे याला परत देईन?
त्याचं शरीर तिला ओळखतं. बहुतेक नाही.
म्हणजे शून्य?
शून्य मी लिहीत नसते, ती म्हणाली.
तेव्हा ती बाई मला आवडली.

गाडीत तू म्हणालास, म्हणजे मीच.
मी गप्प.
रागवायला मला माणूस हवा होता
आणि समोर उभी राहिली तुझी मेलेली मावशी ओल्गा,
लालभडक लिपस्टिक, हात पसरलेले,
सहा वर्षांच्या पोराचा मुका घ्यायला वाकलेली.

विषाणूचं समजलं रे.
ती खाट समजत नाही.
दोन रात्रींत तू मनात माझं काय काय केलंस,
आणि मी तुझं,
तेही आता कुठल्यातरी नसेच्या मुळाशी जाऊन झोपेल.

आज धक्क्यावरून परतले तर
तू तुंबा भरून ठेवला होतास
आणि दोन्ही नळ्या धुऊन शेजारी शेजारी,
फडक्यावर.
काही बोलला नाहीस.
येर्बाचं पाणी उकळू द्यायचं नसतं, कडू होतं.
मी आधी ते उतरवलं.